एक जानेवारीला जन्मलेले घोडे : महालक्ष्मीची डर्बी आणि भीमथडीचं तट्टू

मागच्या भागानंतर विट्यातल्याच एका श्रोत्यानं विचारलं होतं, "घोड्यांच्या रेसवर भाग करणार म्हणे, जुगारावर बोलणार काय?" तर थोडं बोलणार. पण आधी वाढदिवसाबद्दल बोलू.

आपल्या आधीच्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर एक जून ही जन्मतारीख असलेली किती माणसं तुम्हाला माहीत आहेत? माझ्या घरात तीन आहेत. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी विचारायचे कधी जन्मला, आई सांगायची "बेंदराच्या आसपास", आणि गुरुजी शांतपणे एक जून लिहायचे. घोड्यांच्या जगात असाच प्रकार आहे, फक्त तिथं तारीख एक जानेवारी. थरोब्रेड घोडं, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेलं जातिवंत घोडं, आपल्याकडे फेब्रुवारीत जन्मो नाहीतर मे महिन्यात, कागदावर त्याचं वय एक जानेवारीलाच एका वर्षानं वाढतं. एखादं शिंगरू चुकून एकतीस डिसेंबरला जन्मलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागदोपत्री एक वर्षाचं! घोडी अकरा महिने गाभण राहते, त्यामुळे स्टड फार्मवाले हे गणित आधीच करून ठेवतात.

हे सांगायचं कारण, आजचा विषय असलेली इंडियन डर्बी ही वयावर बेतलेली शर्यत आहे. दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारच्या सुमारास मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर ती होते. अंतर २,४०० मीटर. त्यात फक्त चार वर्षांची, भारतात जन्मलेली घोडी-घोडे पळतात. मूळ इंग्लंडच्या डर्बीत तीन वर्षांचे पळतात, जूनमध्ये. मग आपल्याकडे चार का? तर कागदावरचं वय नुकतंच जानेवारीत वाढलेलं असतं. खरं वय बघितलं तर पुष्कळशा घोड्यांची चार वर्षं अजून पूर्णही झालेली नसतात. म्हणजे ही तरुणांची शर्यत आहे, आणि एका घोड्याला ती आयुष्यात एकदाच पळता येते. हरला तर पुढच्या वर्षी परत फॉर्म भरता येत नाही. आपल्या स्पर्धा परीक्षेवाल्यांना यातली भीती वेगळी समजावून सांगायला नको.

शर्यत संपते अडीच मिनिटांत. त्या अडीच मिनिटांमागचा इतिहास मात्र अडीचशे-तीनशे वर्षांचा आहे. मी पेशानं सॉफ्टवेअरवाला, दिवसभर डेटाबेसमध्ये डोकं घालून बसणारा, त्यामुळे मला या इतिहासात घोड्यांपेक्षा एक वहीच जास्त दिसत राहिली. आजचा भाग खरं तर त्या वहीबद्दलच आहे.

चला, सुरुवातीपासून बघू.

१६९० साल घ्या. छत्रपती संभाजी महाराजांची हत्या होऊन जेमतेम वर्ष झालंय, राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात आहेत, आणि संताजी-धनाजींची घोडदळं मुघल फौजांना पळवून पळवून दमवतायत. आपल्या इतिहासात दख्खनी घोड्याचा सगळ्यात मोठा काळ कुठला, असं विचारलं तर मी हाच सांगेन. त्याच वर्षी तिकडं आयर्लंडमध्ये बॉइनची लढाई झाली. त्या लढाईत बायर्ली नावाचा एक इंग्रज कॅप्टन ज्या घोड्यावर बसला होता, त्याला पुढे बायर्ली टर्क म्हणू लागले. नंतर १७०४ मध्ये सीरियातल्या अलेप्पोहून डार्ली अरेबियन इंग्लंडला गेला, आणि त्यानंतर काही वर्षांनी गोडॉल्फिन अरेबियन. आज जगात जिथं कुठं थरोब्रेड पळतो, त्याच्या बापाची ओळ मागं मागं नेली की ती या तीन घोड्यांपैकी एकापाशी जाऊन थांबते. बहुतेकांची डार्ली अरेबियनपाशी.

आता गंमत बघा. हे तिन्ही घोडे पूर्वेकडून गेलेले. तसलेच अरबी आणि तुर्की घोडे आपल्या दख्खनमध्येही येत होते, तेही शतकानुशतकं. चौल, दाभोळ, गोवा या बंदरांवर घोडे उतरायचे आणि बहमनी, आदिलशाही, निजामशाही, विजयनगर, सगळ्यांच्या पागांत जायचे. इथल्या काटक तट्टांशी त्यांचा संकर होऊन भीमा, नीरा, माण या नद्यांच्या खोऱ्यांत जो घोडा तयार झाला तो भीमथडीचा घोडा. उंचीनं कमी, खुरानं टणक, खायला मिळेल ते खाणारा, खडकाळ माळावर दिवसभर चालणारा. महाराष्ट्राच्या राज्यगीतात त्याचा उल्लेख आहे, पण गीत म्हणताना त्या शब्दाशी कुणी थांबत नाही.

म्हणजे दोन्हीकडं कच्चा माल जवळजवळ सारखा. बाहेरून आलेला अरबी घोडा आणि स्थानिक घोड्या. फरक पुढं पडला.

इंग्लंडमध्ये सरदार लोकांनी शर्यती ठरावीक केल्या. सेंट लेजर १७७६ मध्ये, ओक्स १७७९ मध्ये आणि डर्बी १७८० मध्ये. डर्बी हे नाव लॉर्ड डर्बीवरून आलं. नाव कुणाचं द्यायचं यासाठी त्यानं आणि सर चार्ल्स बनबरीनं नाणं उडवलं, अशी दंतकथा आहे. ती खरी असो-नसो, पहिली डर्बी जिंकली ती बनबरीच्याच डायोमेड घोड्यानं. पण माझ्या मते त्या काळातली सगळ्यात मोठी घटना या शर्यती नाहीत. १७९१ मध्ये लंडनमध्ये वेदरबी नावाच्या माणसानं एक पुस्तक छापलं, जनरल स्टड बुक. कुठलं घोडं कुठल्या घोडीचं, बाप कोण, आई कोण, आईची आई कोण. बस्स, एवढंच. ज्याचं नाव या वहीत तो थरोब्रेड, ज्याचं नाही तो नाही, मग तो वाऱ्यासारखा पळत का असेना.

त्याच १७९१ मध्ये आपल्या विट्याच्या शेजारच्या तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या वेढ्यात होते. टिपूविरुद्धच्या मोहिमेत, हजारो घोडेस्वार घेऊन. त्या घोड्यांचं काही लिहिलं जात नव्हतं असं नाही. उलट आपल्याकडं हिशेबाची फार शिस्त. पेशवे दफ्तरात दाणा, वैरण, घोडेखरेदी यांचे कागद आहेत. घोडा कुमाईत का सबजा, अबलख का पंचकल्याणी, अंगावर भोवरे कुठं आहेत, देवमण आहे का, हे सगळं आपले लोक बारकाईनं बघायचे. पण हे झालं त्या एका घोड्याचं वर्णन. घोडा मेला की ती नोंद तिथंच संपली. पिढ्यांची साखळी जोडणारी, छापलेली, सगळ्यांनी मानलेली अशी वही आपल्याकडं तयार झाली नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर आपल्याकडं टेबल होतं, रकाने भरलेले होते, पण एका ओळीचा दुसऱ्या ओळीशी संबंध लावणारा दुवा नव्हता.

घोडदळ होतं तोवर त्यानं काही बिघडत नव्हतं. चांगला घोडा कुणाचा हे रणात कळायचंच. १८१८ मध्ये पेशवाई संपली, फौजा मोडल्या आणि या घोड्याचं गिऱ्हाईकच गेलं. शिलेदार शेतीला लागला. पागा ओस पडल्या. शिरूर तालुक्यात आलेगाव पागा नावाचं गाव आजही आहे, पागे, शिलेदार, बारगीर अशी आडनावं आहेत. घोडे गेले आणि नावं राहिली. इंग्रजी फौजेला उंच घोडे हवे होते, ते त्यांनी पुढं ऑस्ट्रेलियातून बोटींनी आणले. न्यू साऊथ वेल्सवरून त्यांना वेलर म्हणायचे.

इकडं मुंबईत मात्र शर्यती सुरू झाल्या होत्या. बॉम्बे टर्फ क्लबची स्थापना १८०२ ची, म्हणजे पेशवाई असतानाची. तेव्हा मैदान भायखळ्याला होतं. मुंबई ही अरबी घोड्यांची मोठी बाजारपेठ होती, आखातातून घोडे यायचे आणि इथं विकले जायचे, त्यामुळे सुरुवातीच्या शर्यतींत अरबी घोड्यांचाच बोलबाला. पुढं इंग्लंडहून आणि ऑस्ट्रेलियाहून थरोब्रेड यायला लागले. १८८३ मध्ये महालक्ष्मीच्या दलदलीच्या सपाटीवर नवं रेसकोर्स उभं राहिलं, मेलबर्नच्या कॉलफिल्ड रेसकोर्सच्या धर्तीवर. १९३५ मध्ये क्लबच्या नावामागं रॉयल लागलं आणि तो रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब झाला. हंगाम तेव्हापासून आजपर्यंत साधारण तसाच आहे. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई. घोडे घाट उतरतात आणि चढतात, आमच्याकडच्या मेंढ्यांसारखेच. त्याकडं मी येतोच.

आता १९४३. इथं जरा सावकाश जाऊ.

दुसरं महायुद्ध चालू होतं. बोटी युद्धात गुंतलेल्या, समुद्रात पाणबुड्या. परदेशातून घोडे येणं जवळपास बंद. तोवर हिंदुस्थानात जन्मलेल्या थरोब्रेडला कंट्री-ब्रेड म्हणायचे, आणि त्या शब्दात थोडी कमीपणाची छटा होती. आयात घोड्यांपुढं हे काय पळणार, असा सूर. युद्धानं ती वाट बंद केली आणि इथल्या घोड्यांसाठी स्वतंत्र मोठ्या शर्यती ठेवणं भाग पडलं. त्यातून पहिली डर्बी झाली, सुरुवातीला कंट्री-ब्रेड डर्बी याच नावानं. स्वदेशीच्या चळवळीनं जे रेसकोर्सवर झालं नाही ते जर्मन पाणबुड्यांनी केलं, असं मी गमतीनं म्हणतो.

ती पहिली डर्बी जिंकली प्रिन्सेस ब्युटिफुल नावाच्या घोडीनं. जॉकी होता एडगर ब्रिट, ऑस्ट्रेलियन. आणि मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड.

हे प्रतापसिंहराव म्हणजे सयाजीराव महाराज तिसरे यांचे नातू. सयाजीरावांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा, १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. त्यांनी शाळा काढल्या, सक्तीचं मोफत शिक्षण आणलं, ग्रंथालयं उभी केली. नातवाचा ओढा घोड्यांकडं. १९४५ मध्ये प्रतापसिंहरावांनी एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतलं. तोवर एक वर्षाच्या शिंगराला जगात कुणी एवढी किंमत मोजलेली नव्हती. एवढे पैसे का? तर वहीमुळे! त्याचा सख्खा भाऊ दान्ते त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकलेला होता आणि बाप होता नेआर्को. त्या शिंगरानं स्वतः अजून एकही शर्यत पळलेली नव्हती. किंमत मिळाली ती आईबापाच्या नावांना.

त्या शिंगराचं नाव महाराजांनी ठेवलं सयाजीराव.

१९४७ मध्ये, आपल्याला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर महिन्याभरात, इंग्लंडच्या सेंट लेजरमध्ये सयाजीराव पहिला आला. जॉकी पुन्हा एडगर ब्रिट. कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या मुलाचं नाव अशा रीतीनं इंग्रजांच्या सगळ्यात जुन्या क्लासिक शर्यतीच्या विजेत्यांच्या यादीत कायमचं गेलं, घोड्याच्या रूपानं. मला हे वाचताना अभिमान वाटला आणि पुढच्याच मिनिटाला जरा अवघडल्यासारखंही झालं. ज्या आजोबांनी खजिन्यातला पैसा शाळांवर घातला, त्यांच्या नावाचं घोडं २८,००० गिनींचं! १९५१ मध्ये भारत सरकारनं प्रतापसिंहरावांची राजा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. त्यामागं बरंच राजकारण आणि पैशांचे वाद होते, तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

स्वातंत्र्यानंतर संस्थानिक हळूहळू मागं पडले. शर्यतीसाठी परदेशी घोडे आणायला बंदी आली, पैदाशीसाठी मात्र आणता येत. त्यामुळे इथल्या स्टड फार्मना चांगले दिवस आले. त्यातले बरेच पुण्याच्या आसपास. पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म १९४६ चा. त्यांच्याकडचे म्हातारे झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे. तिथं त्या घोड्यांच्या रक्तातून धनुर्वात आणि सर्पदंशावरचं सीरम काढायचे. घोडे आपले, मग सीरम आपणच का काढू नये, या विचारातून सायरस पूनावालांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. कोविडमध्ये आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडात गेलेली लस तिथलीच होती. रेसकोर्सशी आपला काय संबंध, असं कुणी म्हणालं की मी हे सांगतो.

जॉकींचं चित्रही बदललं. सुरुवातीला मोठ्या शर्यतींत गोरे जॉकी. मग पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे अशी नावं पुढं आली. ही नावं वाचताना आपल्या माणसांची गाठ पडल्यासारखं वाटतं. पुढं पेसी श्रॉफनी जॉकी म्हणून आठ वेळा इंडियन डर्बी जिंकली.

आपल्या जुन्या फौजेत दोन शब्द होते. घोडा सरकारचा आणि स्वार नोकरीचा, तो बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन येणारा, तो शिलेदार. रेसकोर्सवरचा जॉकी म्हणजे बारगीर. घोडा दुसऱ्याचा, जीव मात्र स्वतःचा. १९७९ मध्ये कार्ल उमरीगर हा तरुण जॉकी महालक्ष्मीला घोड्यावरून पडून गेला. आणि बारगिराच्याही खाली एक माणूस असतो, मोतद्दार. पहाटे उठून घोड्याला मालिश करणारा, पाय बघणारा, घोड्यानं दाणा सोडला की ज्याचं जेवण उतरत नाही तो. विजेत्या घोड्याचा फोटो काढतात तेव्हा लगाम त्याच्या हातात असतो. खाली छापलेल्या ओळीत घोड्याचं नाव, घोड्याच्या बापाचं, आईचं, मालकाचं, ट्रेनरचं, जॉकीचं. मोतद्दाराचं नाव त्या ओळीत मला अजून एकदाही वाचायला मिळालेलं नाही.

आता जुगाराकडं येऊ, कारण विट्याचे श्रोते सोडणार नाहीत. शर्यतीवर पैसे लावणं कायद्यानं चालतं, १९१२ पासून त्यासाठी परवान्याचा कायदा आहे. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं मद्रासच्या लक्ष्मणन खटल्यात सांगितलं की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही. मला यातलं कायद्याचं गणित पटतं, पण आमच्या भागातल्या माणसाला एक प्रश्न पडतोच आणि तो रास्त आहे. २०११ मध्ये केंद्रानं खेळ करवून घ्यायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाला घातलं, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली, आणि आपल्या सांगली-साताऱ्यातले छकडे थांबले. २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना परत परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं ती कायम केली. मधली सात-आठ वर्षं खिलारी बैलांची जोपासना करणाऱ्यांनी कशी काढली, हे खानापूर-आटपाडीत कुणालाही विचारा. त्याच वर्षांत डर्बी मात्र चालू होती. बैलाला चाबूक म्हणजे क्रूरता आणि घोड्याला चाबूक म्हणजे कौशल्य, असं म्हणणारे पारावर आजही भेटतात. पूर्ण बरोबर नाही ते, शेपटी पिरगाळणं, काठीला खिळे लावणं असले प्रकार शर्यतींत होत होते आणि ते थांबायलाच हवे होते. पण एका खेळाला नियमांची वही, डॉक्टर आणि क्लब होता, दुसऱ्याला फक्त जत्रा होती. बंदी आली तेव्हा हा फरक जाणवला.

डर्बीचे दिवसही सोपे नाहीत हं. महालक्ष्मीच्या जागेचा ९९ वर्षांचा करार २०१३ मध्ये संपला. आता २११ एकरांपैकी १२० एकर मुंबई महापालिकेच्या उद्यानासाठी आणि ९१ एकर तीस वर्षांच्या करारानं क्लबकडं, असं ठरलंय. ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. पब्लिक कमी होतंय. मुंबईत मोकळी जागा किती थोडी आहे ते बघता उद्यान व्हावं, या मताचा मी आहे. पण समजा उद्या डर्बी बंद झाली, तरी तो घोडा संपत नाही. पुण्यात भारताच्या स्टड बुकचं कार्यालय आहे. आता शिंगराचे आईबाप डीएनए तपासून नक्की करतात. विट्याच्या गलाईवाल्यांना हे लगेच कळेल. डागिना कुठलाही असो, कस लागला आणि शिक्का बसला की तो देशभर चालतो. थरोब्रेडवर तो शिक्का आहे.

आणि ज्याच्यावर नाही, तो कुठं आहे?

तो दिवाळीनंतर आमच्या घरासमोरच्या रस्त्यानं जातो. आटपाडी, माण, खानापूरचे धनगर बांधव मेंढरं घेऊन पश्चिमेला, कृष्णाकाठाला आणि काही थेट कोकणात उतरतात. पुढं मेंढरं, मागं कुत्री, आणि मध्ये घोडी. पाठीवर सगळा संसार. घोंगडी, भांडी, जाळी, वाघरं, वर टोपलीत कोंबडी आणि कधीकधी एखादं लेकरू. ठेंगणी, घट्ट, डांबरी रस्त्यावर नालाशिवाय चालणारी. हाच तो भीमथडीचा घोडा. दिल्लीपर्यंत गेलेल्या फौजांचा वारस दोनशे वर्षं फक्त मेंढपाळांनी सांभाळला, तोही कुठल्या अभिमानासाठी नाही तर डोंगर चढायला दुसरं वाहन नाही म्हणून.

गेल्या हिवाळ्यात विटा-कराड रस्त्यालगत वाडा बसला होता. तिथल्या एका वयस्कर मेंढपाळ मामांना मी विचारलं, ही घोडी किती वर्षांची?

"लॉकडाऊन लागला का न्हाय पयला, तवा झाली. पाटणच्या वर, डोंगरात. पोलीस खाली सोडंनात आन् ही तिकडं याली."

आई कुठली?

"तिची आई ती फुडली, तांबडी. आन् तिची आई माज्या सासऱ्यानं दिल्ती. भवानीची. ती सात येळा कोकणात गेली, कदी पाय घसरला न्हाय तिचा."

मी त्यांना अजून दोन-तीन घोड्यांबद्दल विचारलं. पाच पिढ्या सांगितल्या त्यांनी, आईकडून आईकडं. कुठली घोडी कुणाकडून आली, कुठल्या साली, कुठल्या घाटात कोण दगावली. बाप मात्र प्रत्येक वेळी सांगता आला नाही, "आसंल कुणाचा तरी, वाड्यातलाच." म्हणजे स्टड बुक होतं. ते एका माणसाच्या डोक्यात होतं, आणि त्यांचा मुलगा आता पुण्यात टेम्पो चालवतो. टेम्पोनंच हल्ली कित्येक वाडे सामान हलवतात, घोडं कमी लागतं.

२०२४ च्या सुरुवातीला एक चांगली गोष्ट झाली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती वगैरे सात जाती आधी होत्या, ही आठवी. तोवर सरकारी कागदावर हे घोडं नुसतं तट्टू होतं. लंडनच्या वहीनंतर साधारण सव्वादोनशे वर्षांनी का होईना, आपल्या घोड्याला रकाना मिळाला. पण जातीची नोंद झाली म्हणजे एकेका घोडीची झाली असं नाही. ती वही अजून कोरी आहे.

भाग संपल्यावर मी एक साधी स्प्रेडशीट सगळ्यांसाठी खुली करतोय. घोडीचं नाव किंवा हाक मारायचा शब्द, रंग, अंदाजे जन्मसाल, आई कोण, कुठल्या वाड्यातली, एक फोटो. जन्मतारीख माहीत नसेल तर "पहिला लॉकडाऊन" असं लिहिलं तरी चालेल, एक जानेवारी टाकू नका. खानापूर, आटपाडी, माण, खटाव, सांगोला या भागात कुणाच्या ओळखीत घोडी असलेला वाडा असेल तर आधी त्यांना विचारा, त्यांची हरकत नसेल तरच लिहा. आणि एक रकाना मी जास्तीचा ठेवलाय, घोडी सांभाळणारं माणूस कोण. बहुतेक वाड्यांत ते काम बायका करतात, तेव्हा घरातल्या पुरुषाचं नाव विचारून परत येऊ नका.

पुढच्या भागात गलाईवाल्यांचा विषय घेऊ, बऱ्याच जणांनी मागितलाय. भेटू.